कळतं, पण वळत का नाही?

"डॉक्टर, कळतं हो, पण वळत नाही." सिगारेट, तंबाखू, मिसरी, गोड खाणे, व्यायाम, विषय कोणताही असो, हे वाक्य तुम्ही माझ्यासमोर कधी ना कधी बोललेले असता. बोलताना तुमची मान खाली असते. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा केलेला अभ्यास १९५० साली प्रसिद्ध झाला. डॉल यांचा पहिला संशय मोटारींचा धूर आणि रस्त्यांवरचे डांबर यांच्यावर होता. पण कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत कधीच धूम्रपान न केलेले फक्त २ निघाले! डॉल स्वतः सिगारेट ओढत. हे आकडे पाहून त्यांनी सोडली.

आता दुसरा माणूस बघा. फेब्रुवारी १९५४ मध्ये ब्रिटनचे आरोग्यमंत्री इयान मॅक्लिऑड यांनी पत्रकार परिषद घेऊन धूम्रपान आणि कर्करोगाचा संबंध जाहीर केला. ती माहिती देताना ते एकामागून एक सिगारेटी ओढत होते. माहिती तीच. माणूसही हुशार, त्याच खात्याचा मंत्री. तेव्हा 'वळत नाही' म्हणजे तुम्ही अडाणी किंवा कमकुवत आहात, असे मी तरी मानत नाही. निकोटीनची सवय मेंदूत बसते आणि ती माहितीपत्रक वाचून उठत नाही. (आम्हा डॉक्टरांतही ओढणारे आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहेच.)

मग सुटते कशी? अमेरिकेत प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी नेमके हेच पाहिले. स्वतःच्या बळावर सिगारेट सोडू पाहणाऱ्या ८७२ लोकांचा त्यांचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस एका फटक्यात बदलत नाही. आधी त्याला प्रश्नच दिसत नाही, मग विचार चालू होतो, मग तो सोडतो, टिकवतो आणि पुष्कळदा घसरतोही. घसरल्यावर तो पुन्हा विचाराच्या पायरीवर येतो आणि तिथून परत निघतो. त्यामुळे "तीनदा सोडली, तीनदा सुरू झाली" असे कोणी सांगितले की मला तो हरलेला वाटत नाही.

उशीर झाला, असेही म्हणू नका. डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा ५० वर्षे पाठपुरावा केला. २००४ च्या निष्कर्षानुसार साठीत सिगारेट सोडणाऱ्यांचे सुमारे ३ वर्षे, पन्नाशीत सोडणाऱ्यांचे ६ आणि चाळिशीत सोडणाऱ्यांचे ९ वर्षे आयुष्य वाचते.

पुढच्या वेळी येताना एक कागद आणा. मागच्या खेपेला सोडल्यानंतर कितव्या दिवशी, कुठे, कोणाबरोबर पुन्हा पहिली पेटवली, एवढेच त्यावर लिहा. चहाची टपरी असेल, रात्रपाळी असेल, घरातले भांडण असेल. औषध किंवा निकोटीनचे च्युइंगम द्यायचे की नाही, ते मी त्यावरून ठरवीन.