सगळ्या उसाला एकच भाव का?

आज साखर कारखाना, पण राजकारण नाही. म्हणजे ते येईलच, मागच्या दाराने.

ऊस तोडला की घड्याळ सुरू होतं. गाळपाला उशीर झाला की उतारा घसरतो. कापूस घरात भरून भाव चढायची वाट बघता येते, भडगावकरांना हे सांगायला नको. उसाचं तसं नाही. म्हणून कारखाना परक्या मालकाचा असला तर गाडी फाटकाशी उभी असताना घासाघीस कसली करणार? प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 च्या सुमारास याला उत्तर दिलं: कारखानाच शेतकऱ्यांचा.

मग घासाघीस संपली? छे, ती फाटकाच्या आत आली. पॉल मिलग्रॉम आणि जॉन रॉबर्ट्स यांनी 1990 मध्ये नेमकं हेच मांडलं. सगळं एका छताखाली आणलं की ज्याच्या हाती निर्णय, त्याच्या घरी फेऱ्या सुरू होतात. वशिला, शिष्टमंडळं, रुसवेफुगवे. हाही संस्थेचा खर्चच, फक्त ताळेबंदात दिसत नाही. इलाज काय, तर काही निर्णय कुणाच्याच हातात ठेवायचे नाहीत. आम्ही कोडमध्ये एखादी गोष्ट हार्डकोड करतो ना, तसं.

म्हणून तोड लागवडीच्या नोंदीप्रमाणे, आणि भाव सगळ्या सभासदांना एकच. चांगला ऊस पिकवणाऱ्यावर हा अन्याय आहे, मान्य. पण गाडीगणिक भाव ठरवायचा म्हटलं तर काट्यावर रोज भांडणं.

आता गंमत बघा. मोठ्या बागायतदाराला एकट्यापुरता भाव वाढवून घेता येत नाही. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे यांनी महाराष्ट्रातल्या जवळपास 100 सहकारी कारखान्यांचे 1971 ते 1993 चे आकडे तपासले. त्यांचा निष्कर्ष असा की लहान-मोठे शेतकरी जिथे सरमिसळ आहेत, तिथे बडे लोक सगळ्यांचाच भाव खाली ठेवतात. उरलेला पैसा संस्थेत राहतो आणि त्यावर ताबा त्यांचा. त्यातून कॉलेजं निघाली, ती काही खोटी नव्हती. पण कुणाच्या उसातून, आणि कुणाला विचारून?

आपल्या शेजारी, चाळीसगाव तालुक्यातला भोरसचा बेलगंगा कारखाना बंद पडला आणि शेवटी सहकारातून खासगी हाती गेला. तिथे आता संचालक मंडळाची निवडणूक नाही. किमान भाव, म्हणजे एफआरपी, दिल्लीत ठरतो. तो उताऱ्याला बांधलेला आहे, पण अख्ख्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्याला. ज्याचा ऊस जास्त गोड, त्यालाही शेजाऱ्याचाच भाव.