सातबारा नसलेली जमीन

'खंड', 'मक्ता', 'पट्टा' हे शब्द मराठी वाचकाला परके नाहीत. जमिनीचा धनी एक आणि कसणारा दुसरा, हे त्यांत गृहीतच असते. पण जमीन 'सर्वांची' असेल, तर पट्टा कोण कोणाला देतो?

बेगडेवाडीसारख्या मावळातील गावी या प्रश्नाला निदान सातबाऱ्याचा आधार असतो. शेताखालून तेलाची नळवाहिनी न्यायची असेल, तर १९६२ च्या कायद्यानुसार सरकार जमीन न घेता केवळ 'वापराचा हक्क' घेऊ शकते. मालकी शेतकऱ्याकडे राहते. मात्र त्या पट्टीत घर, विहीर वा झाड यांना मनाई होते. मोबदला नुकसानभरपाईखेरीज बाजारभावाच्या १० टक्के. तरीही हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात, कारण त्याचे नाव कागदावर आहे.

समुद्रतळाला सातबारा नाही. १९७४ साली 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. संविधानाच्या अनुच्छेद २९७ नुसार तेथील संपत्ती संघराज्याची. १९४८ चा कायदा आणि १९५९ चे नियम यांनी रीत घालून दिली: आधी शोधाचा परवाना, मग खाणपट्टा, आणि त्याबदली स्वामित्वधन. जमिनीवरील तेलाचे स्वामित्वधन राज्याला मिळते, समुद्रातील तेलाचे केंद्राला. त्यामुळे 'मुंबई हाय' या नावात मुंबई असली, तरी त्या स्वामित्वधनावर महाराष्ट्राचा हक्क नाही.

पुढे मक्तेदार बदलले. ओएनजीसीने शोधलेली पन्ना-मुक्ता क्षेत्रे १९९४ च्या कराराने २५ वर्षांसाठी रिलायन्स, एन्रॉन आणि ओएनजीसी यांच्याकडे गेली. एन्रॉनचा वाटा २००२ मध्ये ब्रिटिश गॅसने घेतला. २०१९ अखेर क्षेत्रे ओएनजीसीकडे परतली. त्या करारात कंपन्यांनी आधी खर्च वसूल करायचा आणि उरलेला नफा वाटायचा, असे ठरले होते. साहजिकच खर्च किती, यावरून लवादापर्यंत वाद गेला. २०१६ च्या धोरणाने नफ्याऐवजी महसुलाचा वाटा मागायला सुरुवात केली. २०२५ च्या दुरुस्तीने 'खाणपट्टा' जाऊन 'पेट्रोलियम पट्टा' आला.

या सर्व इतिहासात कोळी कुठे आहे? तेलाच्या फलाटांभोवती ५०० मीटरचे सुरक्षाक्षेत्र असते. तेथे त्याला जाळे टाकता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची त्याची वहिवाट कोणत्याही उताऱ्यावर नोंदलेली नाही. मावळच्या शेतकऱ्याला मिळणारे ते तुटपुंजे २१ दिवसही त्याच्या वाट्याला येत नाहीत. सार्वजनिक मालकीचा अर्थ आम्हांला याच ठिकाणी तपासावासा वाटतो.