हृद्-ताण प्रतिमादर्शन

हृदयावर व्यायामाने किंवा औषधाने ताण देऊन त्या अवस्थेतील हृद्-स्नायूचा रक्तपुरवठा अथवा त्याचे आकुंचन प्रतिमेच्या रूपाने पाहण्याच्या तंत्रास ‘हृद्-ताण प्रतिमादर्शन’ म्हणतात. हृद्-रोहिणीविकाराचे निदान हा त्याचा मूळ हेतू होता. पुढे रुग्णास असलेल्या भावी धोक्याचा अंदाज (फलानुमान) हे त्याचे प्रमुख कार्य ठरले.

इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डेन यांनी १७६८ मध्ये हृद्-शूलाचे वर्णन केले. चालताना, विशेषतः चढावर, उद्‌भवणारी व थांबताच शमणारी वेदना हे त्याचे लक्षण होय. विश्रांतीत लपलेला विकार श्रमात प्रकट होतो, हेच पुढील सर्व ताणचाचण्यांचे अधिष्ठान आहे. आर्थर मास्टर यांनी १९२९ मध्ये दोन पायऱ्यांची श्रमचाचणी मांडली. अमेरिकेतील सिॲटल येथील रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये दर तीन मिनिटांनी वेग व चढ वाढविणाऱ्या फिरत्या पट्ट्यावरील चाचणी रूढ केली. तथापि विद्युत् हृल्लेखावरून अरक्तता आहे असे सुचले, तरी ती हृदयाच्या कोणत्या भागात व किती आहे, हे नीटसे कळत नसे.

ही उणीव किरणोत्सर्गी समस्थानिकांनी भरून काढली. हॅल अँगर यांनी १९५० नंतरच्या दशकात बनविलेल्या गॅमा कॅमेऱ्यामुळे शरीरातील किरणोत्सर्गी द्रव्याची प्रतिमा घेणे सुलभ झाले. बॅरी झॅरेट, विल्यम स्ट्राउस व त्यांचे सहकारी यांनी १९७३ मध्ये किरणोत्सर्गी पोटॅशियम वापरून विश्रांतीतील व व्यायामातील प्रतिमांची तुलना प्रसिद्ध केली. त्यानंतर लवकरच सुमारे ७३ तास अर्धायुष्य असलेले थॅलियम-२०१ वापरात आले. ताणाच्या वेळी दिसलेली उणीव नंतरच्या प्रतिमेत भरून निघाली, तर स्नायू जिवंत पण अरक्त. ती कायम राहिली, तर बहुधा जुना व्रण, असा अर्थ लावला जाऊ लागला. १९९० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या टेक्नेशियम-९९एम (अर्धायुष्य सुमारे ६ तास) याच्या संयुगाने प्रतिमा अधिक स्पष्ट झाल्या.

या तंत्रामागील शरीरक्रिया लान्स गूल्ड यांनी १९७४ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांनी स्पष्ट केली. रोहिणीचा व्यास सुमारे ८५ टक्के घटेपर्यंत विश्रांतीतील रक्तप्रवाह टिकून राहतो. परंतु कमाल प्रवाह ३० ते ४५ टक्के घटीपासूनच उतरू लागतो. ज्यांना व्यायाम शक्य नाही, त्यांच्यासाठी रोहिण्या विस्फारणारे डायपिरिडॅमोल हे औषध पुढे वापरात आले. १९७९ पासून श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने ताणाखालील हृद्-भित्तीची हालचालही पाहिली जाऊ लागली.

१९८० नंतरच्या दोन दशकांत असे आढळले की, पुरेशा ताणानंतरची प्रतिमा निर्दोष असल्यास बहुतेक रुग्णांत मृत्यू वा अभिकोथ यांचे वार्षिक प्रमाण १ टक्क्याहून कमी असते. दोषाची व्याप्ती वाढते, तसा धोका वाढतो. लॉस अँजेल्स येथील १०,६२७ रुग्णांच्या २००३ मधील निरीक्षणात सुमारे १० टक्क्यांहून अधिक हृद्-स्नायू अरक्त असल्यास रोहिणीची दुरुस्ती हितकर असल्याचे दिसले. त्यामुळे प्रतिमेवरून थेट शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याकडे कल झाला.

परंतु निरीक्षण म्हणजे प्रयोग नव्हे. भारतासह ३७ देशांतील ५,१७९ रुग्णांच्या ‘इस्किमिया’ या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यम वा तीव्र अरक्तता असलेल्या स्थिर रुग्णांत आरंभीच रोहिणी-दुरुस्ती केल्याने, केवळ औषधोपचाराच्या तुलनेत, सरासरी तीन वर्षांच्या काळात मृत्यू वा मोठ्या हृद्-घटना यांच्या एकूण धोक्यात घट आढळली नाही. हृद्-शूल मात्र अधिक कमी झाला. डाव्या मुख्य हृद्-रोहिणीचा गंभीर विकार किंवा हृदयाची अतिशय क्षीण आकुंचनशक्ती असलेले रुग्ण यात समाविष्ट नव्हते. पुढील विश्लेषणात मृत्यूचा संबंध अरक्ततेच्या तीव्रतेपेक्षा रोहिण्यांतील विकाराच्या व्याप्तीशी अधिक आढळला.

तिन्ही प्रमुख रोहिण्या सारख्याच अरुंद झाल्यास सर्वत्र प्रवाह समप्रमाणात घटतो व प्रतिमा फसवी ठरू शकते. यामुळे हे तंत्र निरुपयोगी ठरत नाही. लक्षणांचे कारण शोधणे व धोक्याची श्रेणी ठरविणे यांसाठी ते उपयुक्तच आहे. मात्र धोका ओळखणे आणि एखाद्या उपायाने तो टळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.