लोण (कबड्डी)

लोण म्हणजे कबड्डीत प्रतिस्पर्धी संघाचे मैदानावरील सर्व गडी बाद केल्याबद्दल मिळणारे २ अतिरिक्त गुण होत. शेवटचा गडी बाद केल्याचा गुण त्याहून वेगळा धरला जातो. लोण बसलेल्या संघाचे सातही गडी लगेच जिवंत होऊन मैदानात परततात. गुण एका संघाला आणि माणसे दुसऱ्याला, अशी ही वाटणी असल्यामुळे लोण केव्हा चढवावा आणि केव्हा पत्करावा, हा कबड्डीतील डावपेचाचा मोठा प्रश्न ठरतो.

'लोण' या शब्दाचा मूळ अर्थ मीठ (संस्कृत 'लवण'). आट्यापाट्यांतही सर्व पाट्या ओलांडून परतणाऱ्या गड्याने 'लोण आणले' असे म्हणतात.

नियम

एक गडी बाद केला की एक गुण मिळतो आणि आपला एक बाद गडी, बाद झाल्याच्या क्रमाने, जिवंत होतो. लोणाच्या २ गुणांवर मात्र लोण चढवणाऱ्या संघाचा कोणीही जिवंत होत नाही. बोनस गुणाचेही तसेच आहे. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली तर एक गुण मिळतो, पण बाहेर बसलेला गडी बाहेरच राहतो. मध्यंतरानंतर प्रत्येक संघ पूर्वार्ध संपताना होता तितक्याच गड्यांनिशी उतरतो, म्हणून मध्यंतर झाले तरी लोणाचे संकट टळत नाही.

पूर्वीच्या गामिनी प्रकारात बाद गडी पुन्हा जिवंत होतच नसे. संघ पूर्ण बाद होईपर्यंत त्याला बाहेर थांबावे लागे आणि सामन्याचा निकाल लोणांच्या संख्येवर लागे. आजची कबड्डी संजीवनी प्रकारातून घडली. तिच्यात लोण हा गुणसंख्येतील एक भाग उरला, तरी सामना फिरवण्याचे त्याचे सामर्थ्य कमी झालेले नाही.

लोण टाळावा की पत्करावा

एकच गडी उरला आहे आणि चढाई त्याचीच आहे, असे समजू. समोर सात बचावपटू आहेत. त्याने बोनस रेषा ओलांडली आणि मग तो पकडला गेला, तर त्याच्या संघाला १ गुण व प्रतिस्पर्ध्याला पकडीचा १ आणि लोणाचे २ असे ३ गुण मिळतात. निव्वळ तोटा २ गुणांचा. मोबदल्यात सात ताजे गडी मैदानात येतात. सामन्याला बराच अवकाश असेल तर हा सौदा वाईट नाही. एकट्याने रिकाम्या चढाया करून वेळ काढण्यात अनेकदा शहाणपणापेक्षा भीतीच अधिक असते. शिवाय दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण न मिळाल्यास चढाईपटू बाद होतो, असा नियम लागू असेल तर ती पळवाटही फार काळ टिकत नाही.

सामन्याचे शेवटचे मिनिट असेल तर हिशेब उलटतो. परतलेल्या सात गड्यांना खेळायला वेळच उरत नाही. उरतात ते गुणफलकावरचे ३ गुण. अशा वेळी आघाडीवरील संघाने आपला शेवटचा गडी जपणेच योग्य.

लोण चढवू पाहणाऱ्यालाही धोका असतो. समोर तीन किंवा त्याहून कमी गडी असताना चढाईपटू पकडला गेला, तर त्या पकडीस (सुपर टॅकल, 'अव्वल पकड') एक गुण जादा, म्हणजे एकूण २ गुण मिळतात. त्यातील जादा गुणावर कोणी जिवंत होत नाही. उरलेले दोन गडी टिपण्याच्या घाईत आपलाच कसलेला चढाईपटू गमावणारे संघ थोडे नाहीत.

अमेरिकन फुटबॉलमध्ये याच्या जवळचा प्रसंग टचडाउननंतर येतो. ६ गुण मिळवल्यावर संघाने लाथेने चेंडू खांबांमधून धाडून १ गुण घ्यावा, की पुन्हा चेंडू गोलक्षेत्रात नेऊन २ गुणांचा प्रयत्न करावा, हे ठरवावे लागते. तेथे खेळ थांबलेला असतो आणि प्रशिक्षक निर्णय देतो. कबड्डीत तो निर्णय ३० सेकंदांच्या चढाईत, दम न सोडता, एकट्या गड्याला घ्यावा लागतो.

मावळ व पुणे परिसर

मावळात, विशेषतः लोणावळ्याच्या बाजूला, पाऊस मोठा. म्हणून मातीच्या मैदानावरील सामने पावसाळा सरल्यावर, यात्रा-उत्सवांच्या दिवसांत रंगतात. अशा हौशी स्पर्धांत अव्वल पकड आणि तिसऱ्या चढाईचे नियम लागू आहेत का, हे संघनायकाने पंचांकडून आधीच समजून घ्यावे. त्यावरच दोन गडी उरलेल्या संघाचे सारे गणित अवलंबून असते.

जिल्ह्याचे प्रतिनिधित्व करणाऱ्या पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवून प्रो कबड्डी लीगचे पहिले विजेतेपद मिळवले. त्या अंतिम सामन्यातील अंतर ३ गुणांचे होते, म्हणजे शेवटचा गडी टिपून चढवलेल्या एका लोणाएवढे.