अशोक विजयादशमी आणि बळाचा प्रश्न

नागपुरात विजयादशमीला दोन परंपरा शेजारी शेजारी नांदतात. एकीकडे शस्त्रपूजन, तर दुसरीकडे दीक्षाभूमीवर लोटणारा जनसागर. अशोकाच्या धम्मस्वीकाराची आठवण म्हणून अशोक विजयादशमी मानल्या जाणाऱ्या या दिवशी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे धम्मदीक्षा घेतली. त्यावरून त्यांचा विचार सरसकट युद्धविरोधी होता, असा समज आमच्या वर्गांतही वारंवार आढळतो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पहिले महायुद्ध चालू असताना बर्ट्रांड रसेल यांनी समाजाच्या पुनर्रचनेवर ग्रंथ लिहिला. १९१८ मध्ये त्याचे परीक्षण करताना आंबेडकरांनी बळ आणि हिंसा यांत भेद केला. बळ हे कार्यशक्ती म्हणून अटळ आहे, ते विधायक मार्गाने वापरले जाते की नाही हा खरा प्रश्न, अशी त्यांची भूमिका होती. रसेल यांच्या आधाराने आपल्याकडे निष्क्रियतेचेच समर्थन होईल, ही धास्तीही त्यामागे होती.

त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्धविषयक ग्रंथात हाच धागा पुढे जातो. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी, असे ते मांडतात. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला निर्णयाचे स्वातंत्र्य देते.

येथेच खरी अडचण उभी राहते. गरज ठरवायची कोणी? २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण करताना रशियानेही आत्मसंरक्षणाचीच भाषा वापरली. प्रत्येक आक्रमक आपल्या इच्छेला गरजेचे नाव देतो.

अशोकाचा तेरावा शिलालेख या संदर्भात पुन्हा वाचावा. कलिंगात १ लाख माणसे मारली गेली, दीड लाख बंदी करून नेली, हा हिशेब जेता स्वतः देतो आणि पश्चात्ताप व्यक्त करतो. त्याच लेखात वनवासी जमातींना आपल्या सामर्थ्याची जाणीवही करून देतो. आणि हा लेख खुद्द कलिंगातील धौली व जौगड येथे मात्र कोरलेला नाही.

आम्हांस वाटते, तत्त्वाने दिलेल्या स्वातंत्र्याची किंमत हा हिशेबच आहे, आणि तो ज्यांनी घाव सोसले त्यांच्यासमोर द्यावा लागतो. बळ वापरणाऱ्याची तेवढी तयारी नसेल, तर त्याची 'गरज' ही केवळ इच्छाच समजावी.