सर रिचर्ड टेंपल : एक पौंड धान्याचा हिशेब

इतिहासातील काही व्यक्ती अशा असतात की त्यांच्या चरित्राचे एकच पान वाचून मत बनवले, तर त्यांच्यावर अन्याय होतो किंवा त्यांना नको तेवढे श्रेय मिळते. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल हे असेच एक नाव. त्यांची पारख करायची तर दोन दुष्काळांची दोन पाने शेजारी-शेजारी ठेवावी लागतात.

टेंपल यांचा जन्म ८ मार्च १८२६ रोजी इंग्लंडमधील वूस्टरशायर परगण्यात झाला. रग्बी व हेलिबरी येथे शिक्षण घेऊन ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल मुलकी सेवेत दाखल झाले. पंजाबात जॉन लॉरेन्स यांच्या हाताखाली त्यांनी कारभाराचे धडे घेतले. १८६१ साली नागपूर राजधानी करून मध्य प्रांत निर्माण झाला, तेव्हा पुढच्याच वर्षी त्याची धुरा त्यांच्याकडे आली. १८६७ मध्ये ते हैदराबादेस ब्रिटिश रेसिडेंट म्हणून आले. आपला अहमदपूर परिसर त्या काळी निजामाच्या मुलखात होता आणि दिवाण सालारजंग राज्याची जिल्हावार घडी बसवीत होते. टेंपल यांचा हैदराबादेतील मुक्काम अल्पकाळाचा ठरला, परंतु तेथे लिहिलेल्या त्यांच्या रोजनिश्या पुढे १८८७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. हैदराबादनंतर ते हिंदुस्थान सरकारचे अर्थखाते सांभाळू लागले. जमाखर्च हाच आता त्यांचा विषय झाला होता.

पहिले पान १८७३-७४ चे. बिहार व बंगालमध्ये पीक बुडाले. तेथील मदतकार्याची जबाबदारी टेंपल यांच्यावर आली. सुमारे साडेचार लाख टन तांदूळ ब्रह्मदेशातून आणविण्यात आला, वाहतुकीची सोय लावण्यात आली आणि गरजूंना धान्य सढळ हाताने देण्यात आले. परिणामी उपासमारीने झालेले मृत्यू अगदी मोजके राहिले. एवढ्या मोठ्या दुष्काळात असे यश पूर्वी कोणाला मिळाले नव्हते. मात्र संकट टळल्यावर बरेच धान्य शिल्लक राहिले आणि इंग्लंडात टीकेचे मोहोळ उठले. सरकारी तिजोरी उधळली, असा ठपका टेंपल यांच्यावर आला. वाचलेले जीव कोणत्याही खतावणीत दिसत नाहीत. उरलेली पोती मात्र डोळ्यांवर येतात.

दुसरे पान १८७६-७७ चे. या वेळी दुष्काळ दख्खनवर कोसळला. मद्रास, म्हैसूर, मुंबई इलाख्याचे दख्खनी जिल्हे आणि निजामाचे राज्य, सर्वांनाच त्याची झळ बसली. १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दिल्लीत थाटाचा दरबार भरविला. याच दरबारास पुणे सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच 'सार्वजनिक काका', हातसुताच्या खादीच्या वेषात गेले होते. आम्हा कापड व्यापाऱ्यांना ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. गांधीजींच्या कितीतरी आधी खादीने दरबारात आपले म्हणणे मांडले होते.

त्याच महिन्यात लिटन यांनी टेंपल यांना दुष्काळी भागात पाठविले, ते काटकसरीची सूचना देऊनच. बिहारचा ठपका धुऊन काढण्याची ही संधी होती. टेंपल यांनी मदतकामावरील पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य व वर एक आणा, इतकी खाली आणली. स्त्रिया व मुलांना त्याहून कमी. दिवसभर खडी फोडणाऱ्या देहाला हे अन्न पुरणारे नव्हते. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी किमान दीड पौंड धान्य आणि सोबत डाळ-भाजी हवी, असे ठामपणे मांडले. मुंबई इलाख्यात मजुरांनी कमी मजुरीवर काम करण्यास नकार दिला आणि सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे मद्रास सरकारने प्रमाण काहीसे वाढविले, पण तोवर फार उशीर झाला होता. एकट्या ब्रिटिश मुलखात या दुष्काळाने सुमारे ५५ लाख बळी घेतले, असा अंदाज केला जातो.

मे १८७७ मध्ये टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, १८७९ साली, पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातील कारकून वासुदेव बळवंत फडके यांनी बंड उभारले. दुष्काळातील लोकांचे हाल त्यांनी स्वतः फिरून पाहिले होते. सरकारने त्यांना पकडण्यासाठी इनाम लावले, तेव्हा फडक्यांनी उलट गव्हर्नरच्याच शिरावर इनाम जाहीर केले. त्याच वर्षी पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. १८७५ साली सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यात सावकारांच्या वह्या व रोखे जाळले गेले होते. त्या सावकारांत मारवाडी व गुजराती मंडळी पुष्कळ होती, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. सरकारचा सारा आणि सावकाराचे व्याज या दोन्हींच्या ओझ्याखाली शेतकरी पिचला होता.

१८८० मध्ये पद सोडून टेंपल पार्लमेंटच्या निवडणुकीस उभे राहिले व पराभूत झाले. १८८५ साली मात्र ते हुजूर पक्षातर्फे निवडून आले आणि १८९५ पर्यंत सभासद राहिले. १८९२ पासून त्याच सभागृहात उदारमतवादी पक्षाच्या बाकांवर दादाभाई नौरोजी बसत होते. हिंदुस्थानातून संपत्ती कशी वाहून जाते, याचा हिशेब मांडणारे दादाभाई आणि एक पौंडाचा हिशेब मांडणारे टेंपल एकाच छताखाली यावेत, हा काळाचा विलक्षण योगच. १५ मार्च १९०२ रोजी टेंपल यांचे निधन झाले.

टेंपल क्रूर होते, असे म्हणून विषय संपविणे सोपे आहे. परंतु बिहारचे पान तसे म्हणू देत नाही. माणसे कशी वाचवायची हे त्यांना ठाऊक होते, करून दाखविलेलेही होते. वरिष्ठांची नाराजी पदरी आल्यावर त्यांनी ते ज्ञान बाजूला ठेवले. म्हणूनच दुसऱ्या पानाचा दोष अधिक जड होतो. पुढे दुष्काळ आयोग नेमला गेला आणि त्याच्या शिफारशींतून दुष्काळ संहिता तयार झाली. दुष्काळात सरकारने काय करावे, हे प्रथमच नियमांत बांधले गेले. ते शहाणपण लाखो जीवांच्या मोलाने आले.

आपण मराठवाड्याची माणसे. १९७२ चा दुष्काळ व त्या वेळची खडी फोडण्याची कामे पाहिलेले अनेकजण आजही आपल्यात आहेत. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख हवा, याबद्दल दुमत नाही. मात्र ज्याच्यासाठी तो पैसा ठेवला, त्याच्या पोटात किती गेले, हा रकाना त्या वहीत प्रथम असावा. टेंपल यांच्या दुसऱ्या पानावर तोच रकाना कोरा राहिला होता.