‘एलियन ३’ : झोपेत आलेले मरण

२२ मे १९९२ रोजी ‘एलियन ३’ अमेरिकेत प्रदर्शित झाला. श्रेयनामावली पडद्यावरून सरत असतानाच यानात आग लागते, सुटकेचे छोटे यान एका ओसाड ग्रहावर कोसळते आणि शीतनिद्रेत असलेल्यांपैकी एकटी एलन रिप्ले वाचते. हिक्स हा सैनिक मरतो, बिशप हा यंत्रमानव मोडून पडतो आणि न्यूट ही लहान मुलगी आपल्या कुपीत बुडून मरते. तिला सोडवून आणण्यासाठी आधीच्या चित्रपटाचा अवघा उत्तरार्ध खर्ची पडला होता. तिचे मरण येथे घडत नाही, केवळ कळवले जाते.

ह्या मालिकेकडे साहित्याच्या वाचकांनी वळून पाहावे, असे तिच्यात पुष्कळ आहे. रिडली स्कॉट यांच्या १९७९ च्या ‘एलियन’मधील मालवाहू यानाचे नाव नोस्ट्रोमो, आणि जेम्स कॅमेरून यांच्या १९८६ च्या ‘एलियन्स’मधील यानाचे सुलाको. पहिले नाव जोसेफ कॉनरॅड यांच्या १९०४ च्या कादंबरीचे, दुसरे त्याच कादंबरीतल्या गावाचे. खाणीतल्या चांदीपुढे माणसे गौण ठरतात हे कॉनरॅडने दाखवले. येथे नफ्यासाठी कंपनी आपलेच कर्मचारी परग्रहजीवापुढे टाकते. नावे उगाच घेतलेली नाहीत. कॅमेरून यांनी ह्या कठोर जगात वात्सल्य आणले. सत्तावन्न वर्षे झोपून उठलेल्या रिप्लेची मुलगी दरम्यान म्हातारी होऊन वारलेली असते (हा प्रसंग चित्रपटगृहांतील प्रतीतून गाळला होता, पुढे विस्तारित आवृत्तीत आला). न्यूटला वाचवणे म्हणजे काय, हे त्यावरून ध्यानात येते.

मग तिसऱ्या भागाचे असे का व्हावे? उत्तर निर्मितीच्या इतिहासात सापडते. विल्यम गिब्सन यांनी संहिता लिहिली. तीत रिप्ले बहुतांशी बेशुद्ध होती आणि कथा हिक्सची होती. ती बाजूला पडली. एरिक रेड यांची संहिताही टिकली नाही. डेव्हिड ट्वोही यांनी तुरुंग आणला. न्यूझीलंडचे दिग्दर्शक व्हिन्सेंट वॉर्ड यांनी लाकडी ग्रहावर राहणाऱ्या भिक्षूंची विलक्षण कल्पना मांडली; तेही गेले. अखेर डेव्हिड फिंचर हे तरुण दिग्दर्शक आले. जाहिराती आणि संगीतचित्रफिती यांचा अनुभव गाठीशी असला तरी कथाचित्र हे पहिलेच. संहिता पुरी नसतानाच चित्रीकरण सुरू झाले. पडद्यावरचे फिओरिना १६१ वरील धर्मनिष्ठ कैदी म्हणजे वॉर्ड यांचे भिक्षू आणि ट्वोही यांचा तुरुंग यांची मोट आहे, आणि मोटेचे टाके दिसतात.

‘शेवट दुःखद म्हणून प्रेक्षक रुसले’, असे ह्या चित्रपटाचे कैवारी म्हणतात. आम्हांस हे पटत नाही. रिप्ले अखेरीस धगधगत्या भट्टीत स्वतःला झोकून देते. तिच्या उदरात परग्रहजीव आहे आणि कंपनीला तोच हवा आहे. तो निर्णय तिचा आहे, म्हणून ते मरण शोकात्म ठरते. न्यूटच्या मरणाला कोणाचाच निर्णय कारण नाही. अडचण होती, ती दूर केली, एवढेच. पूर्वकथा बदलण्यास आमचा विरोध नाही. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त रामायणाचा शेवटच फिरवून राम-सीतेची भेट घडवली. पण त्या भेटीपर्यंत पोहोचण्यासाठी त्याने सात अंक रचले.

तरीही चित्रपटाचा पूर्वार्ध टाकाऊ म्हणवत नाही. न्यूटचे शवविच्छेदन करा, असा हट्ट रिप्ले धरते आणि खरे कारण डॉक्टर क्लेमेन्सपासून लपवते. भीती आणि मातृशोक एकाच चेहऱ्यावर धरून ठेवणारा सिगर्नी वीव्हर यांचा हा अभिनय मालिकेत इतरत्र क्वचितच आढळेल. पुढे दोन्ही देह भट्टीत सोडले जातात आणि त्याच वेळी दुसरीकडे कुत्र्याच्या देहातून तो जीव जन्मतो. इलियट गोल्डेनथाल यांच्या संगीतासह हा भाग खरोखर मोठा आहे. चित्रपट जणू आपणच केलेल्या हत्येचे सुतक पाळतो. परंतु क्लेमेन्स ‘व्यक्ती’ होऊ लागताच मारला जातो, आणि उरतात बोळांतून धावणारी मुंडण केलेली माणसे. डिलनसारखा अपवाद वगळता ती एकमेकांपासून ओळखूही येत नाहीत.

२००३ मध्ये सुमारे अर्धा तास अधिक असलेली आवृत्ती निघाली. फिंचर तिच्यात सहभागी झाले नाहीत. कैद्यांना तीत थोडे चेहरे मिळाले, कुत्र्याच्या जागी बैल आला; न्यूट मात्र मेलेलीच राहिली. १९९७ च्या ‘एलियन रिसरेक्शन’ने रिप्लेलाच प्रतिरूप म्हणून परत आणले होते. २०१५ मध्ये नील ब्लोमकॅम्प यांनी हिक्सला जिवंत धरून नवा चित्रपट योजला, तो झालाच नाही. गिब्सन यांची टाकून दिलेली संहिता मात्र २०१९ मध्ये श्राव्यनाट्यरूपाने बाहेर आली. तीत हिक्स आणि बिशप बोलतात, तेही मायकेल बीन आणि लान्स हेन्रिकसन या मूळ नटांच्याच आवाजात.